कापसाच्या पट्टीतला 'क्ष'

समीकरण म्हटले की मुले दचकतात. मी संगणक अभियंता. सुट्टीत आदिलाबादला गेलो की भाच्यांना ते कापसाच्या हिशेबावरून शिकवतो.

समजा, काट्यावर भरलेली गाडी ३२ क्विंटल भरली आणि रिकामी १४. कापूस किती ते ठाऊक नाही, म्हणून त्याला 'क्ष' म्हणू. क्ष + १४ = ३२. दोन्ही बाजूंतून १४ काढले, क्ष = १८. दोन्ही पारड्यांतून सारखेच उचलले तर तराजू झुकत नाही, नियम एवढाच.

आता पट्टी तपासू. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. पट्टीवर रक्कम १,४५,९८०. म्हणजे ८,११० × क्ष = १,४५,९८०. गुणाकाराच्या उलट भागाकार; क्ष = १८. काट्याशी जुळले! उत्तर १७ आले असते, तर एका क्विंटलचे पैसे कुठे गेले हे तिथेच विचारता येते. ओलावा ८ टक्क्यांवर गेला की सीसीआय भावात कपात करते. तेव्हा हमीभावाऐवजी कपातीनंतरचा भाव घालावा.

ही उलट क्रिया जुनीच आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती'त ती 'व्यस्तविधी' या नावाने सांगितली.

यंदा पट्टी घरी आली की वजनाच्या आकड्यावर बोट ठेवा आणि मुलांना तो शोधायला सांगा. अभ्यासही होईल, हिशेबही तपासला जाईल.