उभ्याने धुण्याची सोय

जुन्या वाड्यांतील मोरी जमिनीलगत असे. भांडी, भिजविलेली वस्त्रे, फडकी, सारे काही बसून धुण्याची रीत होती. आता घरे फ्लॅटची झाली, तरी अनेक घरांत ती सवय टिकून आहे. आणि गुडघे दुखू लागलेल्या आजी किंवा सासूबाई मोरीपुढून उठताना ओल्या फरशीवर भिंतीचा आधार शोधतात. अशा घरी ड्राय बाल्कनीत भिंतीला बसविलेले एक खोल सिंक मोठे साहाय्य ठरते. काम प्लंबरकडून करून घेतले, तरी काही गोष्टी घरच्यांनी जाणून घेणे हितावह आहे.

पहिली गोष्ट भाराची. ४५ सेंमी लांब, ४० सेंमी रुंद आणि २५ सेंमी खोल सिंकमध्ये काठोकाठ ४५ लिटर पाणी मावते. म्हणजे नुसत्या पाण्याचाच भार ४५ किलो. त्यात सिंकचे वजन, ओले कपडे आणि तोल जाताना काठ धरणारा हात मिळवावा. हा सारा भार दोन ब्रॅकेटांवर येतो. पक्क्या विटांच्या भिंतीत खोल गेलेले अँकर बोल्ट तो पेलतात. केवळ टाइल व गिलाव्यात अडकलेला स्क्रू पेलत नाही. हल्लीच्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधे प्लग सैल होतात. तेथे आरपार बोल्ट घालून पलीकडून लोखंडी पट्टी द्यावी, अथवा पायांचा स्टँड असलेले सिंक निवडावे. ड्रिल लावण्यापूर्वी भिंतीतून नळ किंवा विजेची वायर गेलेली नाही, याची खात्री करावी.

उंची ठरविताना काठ साधारणतः ८० ते ८५ सेंमीवर येतो. परंतु हात पोहोचावयाचा असतो तो तळाशी. म्हणून जी व्यक्ती सिंक सर्वाधिक वापरणार, तिला उभे करूनच भिंतीवर खूण करावी.

सांडपाण्याचा विचार आधीच व्हावा. बाल्कनीतील काही पाइप केवळ पावसाच्या पाण्यासाठी असतात. त्यांत साबणाचे पाणी सोडू नये. सोसायटीकडे चौकशी करून मगच जोडणी करावी. सिंकखाली बॉटल ट्रॅप अवश्य बसवावा. त्यात साठून राहणारे पाणी दुर्गंध व किडे वर येऊ देत नाही. आडव्या पाइपला दर ४० सेंमीस सुमारे एक सेंमी उतार असावा.

आपल्या घरांत नळाला पाणी गाळण्याचे वस्त्र बांधण्याची पद्धत आहे. त्यासाठी तोटी सिंकच्या काठापासून वीतभर उंच ठेवावी, म्हणजे वस्त्र भरलेल्या पाण्यात बुडणार नाही. सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी दिवसाकाठी ८६,४०० थेंब वाया घालविते. शिवाय सतत ओल्या राहणाऱ्या कोपऱ्यात जीवोत्पत्ती होते, ती वेगळीच.

काम संपताच सिंक भरून एकदम रिकामे करावे आणि प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच पाहावे. कागद दोन्ही वेळा कोरडा राहिला आणि ब्रॅकेट तसूभरही हलले नाहीत, तरच कारागिराचा उरलेला हिशेब चुकता करावा.