पांदणीखालचा लाव्हा

सह्याद्रीत पाय घडलेल्या भटक्याला यवतमाळ जिल्ह्यात आणून सोडलं, तर पहिल्या तासाभरातच तो तक्रार करतो की इथे दम लागत नाही. कडा नाही, खिंड नाही, कातळात खोदलेल्या पायऱ्या नाहीत. गाव संपलं की पांदण सुरू होते. दोन्हीकडे कपाशीचं नाहीतर तुरीचं वावर, धुऱ्यावर बाभळी आणि बोरी, आणि लांबवर एखादी टेकडी, तिचाही माथा सपाट. मग आपल्या पाहुण्याचा निष्कर्ष ठरलेला असतो: चालायला सोपं आहे, पण बघायला काही नाही.

मला उलट वाटतं. ही वाट एवढी सोपी का आहे, हीच इथली बघण्याजोगी गोष्ट आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या मुलखात जमीन फाटली. ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धूर ओकणारा निमुळता डोंगर येतो. इथलं काम वेगळं होतं. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून पातळ, वाहता लाव्हा वर आला आणि वाट फुटेल तिकडे पसरला. तो थंड झाला, मग कधीतरी त्यावर दुसरा थर आला, त्यावर तिसरा. आजही दख्खनचा हा काळा खडक सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. पसरणारी गोष्ट आडवी पसरते, म्हणून थर आडवे. थर आडवे, म्हणून टेकड्यांचे माथे सपाट. आपल्या भटक्याला जिथे दम लागतो तो सह्याद्रीही याच लाव्ह्याचा आहे. तिकडे थरांची चळत प्रचंड उंच आहे आणि पश्चिमेची बाजू उभी कापली गेली आहे, एवढाच फरक. यवतमाळ या पसाऱ्याच्या पूर्वेकडच्या कडेला येतं. इथे थर पातळ होत जातात आणि पुढे संपतात. ते संपतात कुठे, तेही चालत जाऊन बघता येतं, त्याकडे येऊच.

आधी पांदणीकडे बघू. एप्रिलच्या अखेरीस रिकाम्या वावरातून चालताना खाली नजर ठेवावी लागते, कारण काळ्या जमिनीला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. ही माती त्या लाव्ह्याच्याच खडकाची. लाखो वर्षं ऊन-पाऊस खाऊन खडक झिजला आणि त्यातून एक विलक्षण चिकणमाती तयार झाली. तिच्या कणांमध्ये पातळ पापुद्रे असतात, त्यांच्यामध्ये पाणी शिरलं की ती फुगते आणि पाणी गेलं की आक्रसते. आक्रसली की फाटते. उन्हाळ्यात वरची भुसभुशीत माती या भेगांत खोल पडते, पावसाळ्यात भेगा मिटतात आणि खालची माती हळूहळू वर ढकलली जाते. काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते म्हणतात ते यामुळे. ओल धरून ठेवण्याचा तिचा गुण कपाशीला मानवला आणि यवतमाळची ओळख कापसाचा जिल्हा अशी झाली. १९०३ मध्ये इथून मूर्तिजापूरपर्यंत ११३ किलोमीटरचा नॅरोगेज लोहमार्ग टाकला गेला, तोही या कापसासाठीच. त्यावरच्या गाडीला लोक लाडानं शकुंतला म्हणत. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावत होती, आणि धावत होती हे जरा जास्तच झालं. प्रवासी उतरून पुन्हा चढतात अशी तिची ख्याती होती.

आता त्या मातीतल्या भेगा नीट न्याहाळा. चौकोनी तुकड्यांसोबत पाच-सहा कोनांचेही पुष्कळ दिसतात. हे चित्र लक्षात ठेवून झरी जामणी तालुक्यातल्या शिबला-पारडी परिसरात जा. तिथे २०२१ मध्ये रस्त्याचं खोदकाम चालू असताना दगडी खांब उघडे पडले. चंद्रपूरचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी ते ओळखले. एकमेकांना चिकटून उभे, कोनदार, बाजू इतक्या सरळ की कुण्या जुन्या देवळाचे खांब पुरले गेले असावेत असं वाटावं. पण त्यांना छिन्नी लागलेली नाही. जाड लाव्हा सावकाश थंड होत गेला, थंड होताना आक्रसला, आणि आक्रसताना त्याला भेगा पडल्या. ओढ सगळीकडून सारखी असली की कमीत कमी फाटून ताण मोकळा करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे एका बिंदूतून निघणाऱ्या तीन भेगा, आणि तशा भेगा जोडत गेलं की षटकोन बनतो. वरच्या पृष्ठावर पडलेली ती नक्षी खडक निवत जाईल तशी खाली उतरत जाते, आणि खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशाच खांबांची. उत्तर आयर्लंडच्या समुद्रकाठी तर असे सुमारे ४०,००० खांब आहेत आणि ते बघायला जगभरातून लोक जातात.

लाव्हा निवताना फाटला. त्याच लाव्ह्याची माती वाळताना फाटते. दोन भेगांमध्ये सहा कोटी वर्षांचं अंतर, आणि भूमिती जवळपास तीच. आपल्या पायाखाली हे दोन्ही आहे म्हटल्यावर पांदण एवढी साधी उरत नाही.

शिबल्याहून वणीकडे निघालं की लाव्हा विरळ होऊ लागतो. काळी टेकडी मागे पडते आणि मुकुटबन, राजूरच्या बाजूला फिकट करडा चुनखडक दिसू लागतो. सिमेंटचे कारखाने आणि चुनाभट्ट्या इथे का आल्या, त्याचं उत्तर तिथेच पायाशी पडलेलं असतं. हा पैनगंगेच्या खोऱ्यातला चुनखडक लाव्ह्याच्या कितीतरी आधीचा आहे, ढोबळमानानं शंभर कोटी वर्षांच्या घरातला. त्या वेळी इथे उथळ समुद्र होता आणि जमिनीवर ना झाड होतं ना प्राणी. वणीच्या आसपासचा कोळसा या दोहोंच्या मधल्या काळातला, साडेसत्तावीस कोटी वर्षांच्या आगेमागे दलदलीत गाडल्या गेलेल्या झाडांचा. समुद्र, दलदल, आग: तिन्ही एका तालुक्याच्या अंतरात. खाणीच्या हद्दीत शिरू नये, धोका असतो आणि शिरूही देत नाहीत. रस्त्याकडेचा दगड बघत गेलं तरी पुरतं.

खडक असा, तर पाणी कसं वागतं? त्यासाठी दोन ठिकाणं आहेत, आणि दोन्हीकडे म्हाताऱ्या माणसांना सोबत नेता येईल.

पहिलं सहस्रकुंड. उमरखेड तालुका आणि नांदेड जिल्हा यांच्या हद्दीवर पैनगंगा काळ्या कातळावरून खाली उडी घेते. धबधबा फार उंच नाही, पण रुंद आहे. कठीण थर टिकून राहतो, त्यातल्या भेगांच्या बाजूनं पाणी दगड पोखरतं, म्हणून नदी एका धारेनं न पडता अनेक धारांनी पडते. नाव कसं पडलं ते समोर उभं राहिलं की विचारावं लागत नाही. पावसाळ्याच्या शेवटी तो बघण्याजोगा असतो. मात्र वरच्या अंगाला इसापूर धरण आहे आणि पाणी सोडलं की नदी चढते, त्यामुळे कातळावर उतरून फोटो काढण्याचा मोह आवरावा.

दुसरं कळंब, यवतमाळहून नागपूरच्या रस्त्यावर. इथल्या चिंतामणी गणपतीला भेटायला चढावं लागत नाही, उतरावं लागतं. मंदिर जमिनीच्या पातळीच्या बरंच खाली आहे आणि आत गणेशकुंड आहे. गौतम ऋषींच्या शापातून सुटण्यासाठी इंद्रानं इथे तप केलं आणि गणपतीच्या अंकुशानं कुंड निर्माण झालं, अशी कथा आहे. कुंडाचं पाणी बारा वर्षांनी वाढून मूर्तीच्या चरणांना लागतं असं भाविक मानतात. विहीर खणणाऱ्याला विचारलं तर तो वेगळ्या भाषेत बोलेल. वरचा मुरूम आणि त्याखालचा सच्छिद्र, ठिसूळ मांजऱ्या खडक पाणी धरतो. अखंड काळा पाषाण धरत नाही. त्यामुळे इथलं भूजल आडव्या थरांमध्ये साठतं आणि चांगल्या पावसाच्या वर्षी वर येतं. भक्त आणि विहीर खणणारा, दोघंही एकाच पाण्याकडे बघतात. मला त्यात भांडण दिसत नाही. परतीच्या वाटेवर वावरात पांढऱ्या गारगोट्या दिसल्या तर एखादी उचलून बघा. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर खनिजं भरली, त्यांतल्याच या. खडक झिजून गेला आणि ही भर तेवढी उरली.

यवतमाळ शहरातच मुक्काम असेल तर निळोणा आणि चापडोह हे दोन जलाशय जवळ आहेत. हिवाळ्यात सकाळी तिकडे पाय मोकळे करावेत, पाण्यावरचे पक्षी बघावेत. याहून जास्त वर्णन कशाला?

जंगलाचं मात्र बोलायला हवं. इथलं जंगल सागाचं आहे. सागाला निचरा होणारी, चुन्याचा अंश असलेली जमीन लागते, आणि लाव्ह्याच्या उतारांवर ती मिळते. कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. लहान मुलांना ही जादू आधी दाखवावी, मग बाकीचं शिकवावं. पावसाळा सरताना कित्येक सागांची पानं जाळीदार झालेली दिसतात. एक बारीकशी अळी मधला हिरवा भाग खाऊन शिरा तेवढ्या ठेवते. झाड मेलं असं वाटतं, पण ते बहुधा मरत नाही. सागासोबत ऐन, धावडा, तेंदू, सालई, नाल्याकाठी अर्जुन. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटतो, आणि त्याच सुमाराला मोह फुलायला लागतो. मोहाची फुलं रात्री उमलतात आणि पहाटे झाडाखाली गळून पडतात. म्हणून कोलामांच्या पोडावरून आणि गोंडांच्या वस्तीवरून बायाबापड्या उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात. तुम्ही आठ वाजता फिरायला गेलात तर झाडाखालची जमीन साफ झालेली दिसेल.

या गवता-झाडांनी राजकारणही पाहिलं आहे. १९३० मध्ये गांधीजींनी समुद्रकाठी मिठाचा कायदा मोडला. वऱ्हाडाला समुद्र नाही. मग इथे जंगलाचा कायदा मोडायचं ठरलं. वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापलं आणि अटक करवून घेतली. त्याच महिन्याच्या २१ तारखेला यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या बाजूला डॉ. हेडगेवारांनी हाच सत्याग्रह करून तुरुंगवास पत्करला. बैलांच्या चाऱ्याचं हे साधं गवत कापायला सरकारची परवानगी लागत होती, आणि ती नाकारता येत होती, हे सामान्य शेतकऱ्याला मिठाहूनही लवकर समजलं असणार. त्या पुसदकडे आज गेलात तर टेकड्यांवर पावसाळ्यात तेच गवत कमरेएवढं दिसेल.

पायी फिरायचं म्हटल्यावर टिपेश्वर राहूनच जातं, कारण पांढरकवड्याजवळच्या या अभयारण्यात पायी फिरता येत नाही. जिप्सीनं जावं लागतं, आणि ते योग्यच आहे. अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचं, म्हणजे वाघांच्या हिशेबानं लहान. वयात आलेल्या नराला स्वतःचा मुलूख लागतो. तो इथे मिळाला नाही की तो निघतो. २०१६ मध्ये टिपेश्वरात जन्मलेल्या एका वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. त्या जूनमध्ये तो बाहेर पडला, तेलंगणातून फिरून मराठवाडा-विदर्भाच्या जिल्ह्यांतून वळणं घेत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एकूण चाल सुमारे ३,००० किलोमीटर. त्याला वॉकर हे नाव मिळालं. मार्च २०२१ मध्ये टिपेश्वरचाच दुसरा वाघ गौताळा अभयारण्यात दिसला, आणि २०२४ च्या अखेरीस आणखी एक थेट धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंगला.

वॉकरची सबंध वाट जंगलाची नव्हती. एवढं सलग जंगल मध्ये उरलेलंच नाही. वॉकर दिवसा झुडपांत, पिकांत दबून बसायचा आणि रात्री चालायचा, नाल्यांच्या काठानं आणि शेतशिवारातून. म्हणजे तुम्ही-आम्ही सोपी म्हणून जी वाट निवडतो, तिच्यावरून रात्रपाळीला कुणी दुसरा गेलेला असू शकतो. म्हणून पांढरकवडा, झरी, राळेगाव या भागांत फिरायचं तर ऊन वर आल्यावर निघावं, दोघं-तिघं मिळून निघावं, कपाशी उंच असेल तेव्हा आपसात बोलत चालावं, आणि गावाच्या तोंडाशी पारावर बसलेल्या माणसाला एवढं विचारून घ्यावं: "काकाजी, इकडे दोन-चार दिवसांत काही दिसलं का जी?" तो नाही म्हणाला तर पुढे जा. थोडा वेळ थांबून उत्तर देऊ लागला, तर आधी चहा घ्या आणि त्याचं सगळं ऐकून घ्या.