हरभऱ्याची आंब

खान्देशातल्या पिकांवर जे लिहिलं जातं त्यात पीक नेहमी रोगी म्हणूनच येतं. कपाशीवर बोंडअळी आली, हरभऱ्यावर घाटे अळी आली, आता काय फवारायचं ते सांगा. पिकानं स्वतः काय केलं, हे कुणी विचारत नाही. माझं जुनं भांडण आहे ते याच्याशी. पानात, सालीत, दाण्यात, मुळांत झाडानं जी रसायनं साठवलेली असतात तिथून पीक-संरक्षण सुरू होतं. आपल्याकडे ते फवारणीच्या तक्त्यापासून सुरू होतं.

कपाशीला वगळून जळगाव-धुळ्याबद्दल बोलता येत नाही. पऱ्हाटीचं पान उजेडाकडे धरा, बारीक काळे ठिपके दिसतील. त्या ग्रंथींत गॉसिपोल असतं. सरकीतही तेच असतं, म्हणून ढेप गाईम्हशींना मानवते आणि कोंबड्यांना बाधते. अमेरिकेत १९५०च्या दशकाच्या अखेरीस बिनग्रंथींची कपाशी काढली गेली. सरकी खाण्याजोगी झाली, पण शेतात किडी तिच्यावर तुटून पडल्या आणि तो बेत मागे पडला. पुढे टेक्सासमध्ये कीर्ती राठोड यांच्या गटानं २००६ साली फक्त बियांतलं गॉसिपोल घटवून दाखवलं, पानांतलं राखलं. झाडाचं हत्यार कुठे काढायचं आणि कुठे ठेवायचं, याचा असा विचार आमच्या वाणांच्या चर्चेत मी फार कमी वेळा ऐकला.

बीटीवर इतकं लिहून झालंय की मी थोडक्यात आटोपतो. मातीतल्या एका जिवाणूचं विष २००२ साली कपाशीत आलं, २००६ साली त्याला दुसऱ्याची जोड मिळाली. गुलाबी बोंडअळी पहिल्याला सरावल्याचं २०१०च्या सुमारास गुजरातेतून कळलं आणि २०१७ साली दोन्ही विषं असलेल्या कपाशीत तिनं महाराष्ट्रभर बोंडं पोखरली. ही अळी मुळातच कपाशीची खास. गॉसिपोलही तिला अडवत नाही.

साक्रीकडचा लाल कांदा घ्या. त्याच्या वाळक्या रंगीत सालीतून कॅटेकॉल आणि प्रोटोकॅटेच्युइक आम्ल पाझरतं आणि काळ्या डागांच्या बुरशीचे बीजाणू बाहेरच अडतात. पांढऱ्या कांद्याच्या सालीत ती सोय नाही, त्यावर डाग पडतात. १९३०च्या आसपास हे सिद्ध झालं. झाडाच्या रसायनानं रोग अडतो याचा तो पहिल्या ठोस पुराव्यांपैकी एक. दोंडाईच्याच्या बाजारात ज्या तिखटपणावर मिरचीचा भाव ठरतो, तो तिच्या रानातल्या बहिणीनं बुरशीविरुद्ध कमावला. बोलिव्हियातल्या रानमिरचीवरचं २००८चं काम हेच सांगतं: ढेकणासारखे रसशोषक किडे फळाला भोक पाडतात, त्यातून फ्युजेरियम बुरशी आत शिरते, आणि बी वाचतं ते तिखटामुळे.

आता माझ्या आवडीच्या पिकाकडे येतो. तापीकाठच्या काळ्या रानात थंडी पडली की पहाटे हरभऱ्यावर दंव साचतं आणि ते आंबट असतं. आमच्या लहानपणी घरातल्या म्हाताऱ्या बायका धुतलेलं फडकं झाडांवरून फिरवायच्या, ओलं झालं की चिनी मातीच्या भांड्यात पिळायच्या. धातूचं भांडं चालत नसे. ही आंब पोटदुखीला, अजीर्णाला थेंबाथेंबानं द्यायची. अनवाणी त्या शेतातून गेलं की पायाच्या भेगा चुरचुरायच्या.

ही आंब झाडाच्या केसाळ पानांवरच्या ग्रंथींतून येते. त्यात मुख्य दोन आम्लं, मॅलिक आणि ऑक्झॅलिक. बरीच वर्षं सगळं श्रेय मॅलिकला दिलं जायचं, आजही काहीजण व्याख्यानांत तेच ठोकून सांगतात. पाटणचेरूच्या इक्रिसॅटमधून १९९५ साली आलेल्या कामानं दाखवलं की घाटे अळीची वाढ खुंटते ती ऑक्झॅलिकमुळे, मॅलिकचा तिच्या वाढीवर परिणाम नाही. ज्या वाणांत ऑक्झॅलिक जास्त, ते अळीपुढे जास्त टिकतात. अवकाळी पाऊस आला की आंब धुऊन जाते, आणि झाड तेवढा काळ उघडं पडतं.

आंब हे बाहेरचं कुंपण; आत दाण्यांत अळीचं पचन बिघडवणारी प्रथिनं असतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रभाकर रांजेकर, विद्या गुप्ता, अशोक गिरी, अभय हर्सुलकर यांनी १९९८-९९ मध्ये या प्रथिनांवर जे काम केलं, ते माझ्या मते महाराष्ट्रानं या विषयाला दिलेलं सर्वांत मोलाचं देणं. हरभऱ्याची ही प्रथिनं घाटे अळी आपल्या आतड्यातल्या पाचकांनीच निकामी करते. हरभरा, तूर, कपाशी ही तिची नेहमीची पिकं, आणि त्या तिघांच्या प्रथिनांचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. भुईमूग, चौधारी घेवडा, बटाटा ही तिची नेहमीची पिकं नव्हेत. त्यांच्या प्रथिनांनी मात्र तिची वाढ खुंटली. खान्देशातला शेतकरी खरिपात कपाशी-तूर आणि रब्बीत हरभरा घेतो, म्हणजे अळीला वर्षभर ओळखीचं ताट मिळतं.

‘नैसर्गिक ते निर्धोक’ म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. आंब मित्राशत्रूत भेद करत नाही. घाटे अळीची अंडी फस्त करणारी ट्रायकोग्रामा गांधीलमाशी हरभऱ्यावर जवळपास निकामी ठरते, कारण आंबेतल्या आम्लांपुढे तिचा निभाव लागत नाही. तरी या गांधीलमाशीची ट्रायकोकार्ड सरसकट सगळ्या पिकांना सुचवली जातात. इतर पिकांत झाडं मदतनीस बोलावतात, हे मका, तंबाखू आणि कपाशीवर १९९०च्या दशकात दिसलं. अळीनं कुरतडलेलं पान वेगळा वास सोडतं, आणि १९९८च्या प्रयोगांत तर कपाशीच्या वासावरून गांधीलमाशीला कोणती अळी बसली आहे तेही कळत होतं.

आज आंब गोळा करणारं घर मला सापडत नाही. वाण निवडताना एकरी उतारा विचारतात, मर रोग विचारतात, दाण्याचा आकार विचारतात. आंब कुणी विचारत नाही. राहुरी आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांतल्या पैदासकारांनी वाणांच्या माहितीपत्रकात पानावरच्या ऑक्झॅलिकचा एक रकाना घालावा, ही माझी मागणी आहे. आणि हरभऱ्यात ट्रायकोग्रामाऐवजी कॅम्पोलेटिस ही गांधीलमाशी जपावी. ती घाटे अळीच्या लहान पिल्लांत अंडी घालते, आणि हरभऱ्याच्या ओळींत कोथिंबीर पेरून ती फुलू दिली की तिला मध मिळतो.