ब्रह्मपुरीचे अवशेष आणि बदलत्या सीमा

कोल्हापुरातील पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरी टेकडीचे उत्खनन डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये केले, तेव्हा कोल्हापूर हे संस्थान होते. उत्खननाचा अहवाल १९५२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ते संस्थान उरलेच नव्हते. १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले होते. राज्य गेले, वस्तू मात्र गावातच राहिल्या. त्यांच्यासाठी १९४६ मध्ये उघडलेले संग्रहालय पुढे टाऊन हॉलमध्ये आले. पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती आजही तेथे आहे. घाटमाथ्यावर ती आली व्यापारामार्गे. याच नगरीत १८७७ च्या सुमारास एका स्तूपातून धातुपेटी निघाली. तिच्यावरील ब्राह्मी लेखात बम्ह हा दाता आणि काम करविणारा धमगुत यांची नावे आहेत. मूर्ती आणि पेटी शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज या नगरीचा सातवाहनकाळ उलगडत नाही, असे आम्हांस वाटते.

सर्वत्र असे भाग्य लाभले नाही. १९४७ च्या फाळणीनंतर लाहोर संग्रहालयातील वस्तू ६०:४० या प्रमाणात वाटल्या गेल्या. भारताच्या वाट्याची गांधार शिल्पे अनेक ठिकाणी फिरून अखेर १९६८ मध्ये उघडलेल्या चंडीगढच्या संग्रहालयात स्थिरावली. ज्या विहारांतून ती निघाली, ते सीमेपलीकडे राहिले. मोहेंजोदडोच्या काही हारांचे तर मणी ओवणीतून काढून निम्मे-निम्मे वाटले. हिशेब बरोबर झाला, हार मात्र उरला नाही!

वाटणी आपल्या परंपरेस अपरिचित नाही. महापरिनिब्बान सुत्तानुसार द्रोण ब्राह्मणाने भगवंतांच्या धातूंचे आठ भाग करून युद्ध टाळले. परंतु तेथे प्रत्येक भागावर स्तूप उभा राहिला, म्हणजे प्रत्येक भाग स्वतः पूर्ण वंदनीय झाला. अर्ध्या हाराचे तसे होत नाही.

आपल्या दारातील प्रश्न याहून सौम्य आहे, पण आहेच. बेळगावलगतचे वडगाव-माधवपूर हे ब्रह्मपुरीच्याच काळातील नगर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून या दोन शेजारी नगरांचा वारसा दोन राज्यांत विभागलेला आहे. वस्तूंची अदलाबदल कोणी मागत नाही. दोन्ही ठिकाणच्या नाणी, मणी व खापरांची एकत्रित, सचित्र सूची मात्र मराठी आणि कन्नड अभ्यासकांनी मिळून करता येण्याजोगी आहे.