हिवाळी पाखरांची शिरगणती

दिवाळी सरते, कपाशीची पहिली वेचणी घरात येते आणि पहाटेच्या वाऱ्यास धार चढू लागते, त्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यातील जलाशयांवर दूरदेशीच्या पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. वस्तुतः त्यांतील काही मंडळी पुष्कळ आधीच आलेली असतात. शेपटी सारखी खालीवर हालवीत ओल्या काठावरून धावणारा पांढरा धोबी आणि पाण्याच्या कडेने ठुमकत चालणारी तुतारी ही पावसाळा पुरता आटोपण्याची वाटही पाहत नाहीत. तलवार बदक, थापट्या, चक्रांग यांचे थवे त्यांच्या मागून येतात; आणि तिबेट व मंगोलियाच्या पठारांवर वाढलेला, हिमालय ओलांडून येणारा पट्टकदंब हा हंस बहुधा थंडी भरात आल्यावरच विदर्भात उतरतो.

या पाखरांचे कौतुक आपल्याकडे जुनेच आहे. चक्रवाकाच्या जोडप्यास रात्री विरह घडतो, हा कविसंकेत संस्कृत काव्याच्या वाचकांस पाठ असतो. तोच चक्रवाक नारिंगी पिसांचा झगा घालून काठावर उभा राहिलेला दिसतो आणि कर्कश आवाजात ओरडतो, तेव्हा कवींनी त्यास जवळून कितपत पाहिले होते, अशी शंका येते. परंतु कौतुक निराळे आणि मोजणी निराळी.

मोजणीची सुरुवात परदेशी झाली. नाताळात टोळ्या करून दिसेल ते पाखरू बंदुकीने टिपावयाचे आणि ज्यांचा ढीग मोठा त्यांनी जिंकावयाचे, असा एक खेळ अमेरिकेत चालत असे. सन १९०० मध्ये फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञाने सुचविले की, टिपण्याऐवजी पाखरे मोजावीत. त्या नाताळात अवघी २७ माणसे मोजावयास बाहेर पडली. भारतीय उपखंडात पाणपक्ष्यांची जानेवारीतील गणना १९८७ पासून होत आली आहे आणि तिचा भार प्रायः बिनपगारी हौशी लोकांनीच वाहिला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरविला. त्याचा पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा व अखेरचा सालिम अलींच्या जन्माचा. या सप्ताहात थवे नुकते कोठे येत असतात. म्हणून तो ओळख करून घेण्यास चांगला, पण खऱ्या मोजणीस जानेवारीच योग्य.

मोजणीचे काम वाटते तितके सोपे नाही. हजारभर बदके एकत्र तरंगत असता एकेक मोजू गेल्यास अर्ध्यावरच थवा उडतो. म्हणून अनुभवी माणूस प्रथम दहा पाखरे मोजून त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत साठवितो, आणि त्या मापाने सारा थवा मापून काढतो. दोघांनी निरनिराळे मोजावे व मग आकडे ताडून पाहावेत, हे उत्तम. अडई आणि हळदी-कुंकू ही बारमाही राहणारी बदके पाहुण्यांत मिसळलेली असतात, ती वेगळी काढावी लागतात. जे ओळखू आले नाही ते अनोळखी म्हणूनच लिहावे. अंदाजाने नाव देणे हा या कामातील सर्वांत मोठा दोष होय. पट्टकदंबाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट साधते. प्रौढ हंसाच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. त्याच वर्षी जन्मलेल्या पिलाच्या डोक्यावर ते नसतात. तेव्हा थव्यात बिनपट्ट्याची डोकी किती हे मोजले, म्हणजे हजारो मैलांवरील विणीचा हंगाम कसा गेला याचा सुगावा येथल्या काठावर लागतो.

मात्र एका तलावावरचा आकडा एकटा असता फसवा ठरतो. वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या मध्ये पसरलेला हा जिल्हा मुख्यतः कोरडवाहू आहे. इसापूर, पूस, अरुणावती, बेंबळा ही मोठी धरणे गेल्या साठएक वर्षांतील. पाऊस भरपूर झाला की लहानसहान तळीही भरतात आणि पाखरे चहूकडे पांगतात. मोठ्या धरणावर त्या वर्षी थोडीच दिसतात. पाऊस दगा देतो त्या वर्षी तळी आटतात व तीच पाखरे धरणावर गोळा होतात. वर्तमानपत्रात छापून येते, 'यंदा पक्ष्यांची विक्रमी गर्दी'. आणि प्रत्यक्षात ते दुष्काळाचे लक्षण असते. याचा निकाल एकट्या माणसाने, मग तो कितीही जाणकार असो, लावता येत नाही. त्यासाठी पुसदची, दिग्रसची, बाभूळगावची व वणीची मंडळी एकाच दिवशी, शक्य तर एकाच सकाळी, आपापल्या पाण्यावर हजर पाहिजेत. त्यामुळे उडून गेलेला थवा दोनदा मोजला जात नाही, आणि पाखरे कमी झाली की नुसती सरकली, हे कळते.

पाण्याची पातळीही त्याच वहीत लिहावयास हवी, आणि तिच्याबरोबर काठाची हकिगत. हिवाळ्यात धरणाचे पाणी उतरू लागते व काळा गाळ उघडा पडतो. त्या ओल्या पट्टीत किडे व अळ्या टिपीत तुताऱ्या आणि त्यांचे भाईबंद पोट भरतात. आणि त्याच पट्टीत गाळपेराचा हरभरा किंवा गहू पेरला जातो. गाळपेराच्या जमिनी देताना ज्यांची शेते धरणात गेली त्यांस प्राधान्य असते. अशा माणसास पाखरांसाठी पेरणी सोडावयास सांगणे अन्यायाचे ठरेल. परंतु कोणत्या काठावर किती गाळ नांगरला गेला व तेथे पाखरे किती उरली, याची दहा वर्षांची नोंद हाती असेल, तर कोठला कोपरा मोकळा ठेवणे पुरेसे होईल हे दोन्ही पक्षांस बसून ठरविता येईल. नोंद नसली की नुसता वाद उरतो.

देशभरच्या अशा टिपणांतून काय निघते, हे २०२३ च्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयक अहवालात दिसून आले. सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर तो आधारलेला आहे. ९४२ जातींपैकी १७८ जातींकडे तातडीने लक्ष पुरविले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. दसऱ्यास ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीळकंठही घटत असल्याचे त्यातूनच कळले. आता टिपणे भ्रमणध्वनीवरूनच धाडता येतात. तथापि लोकांची नजर दुर्मिळ पाखरावरच खिळते. टिपेश्वरास जाणारा जसा वाघाखेरीज काही पाहत नाही, त्यातलाच हा प्रकार. ज्या सकाळी तळ्यावर एकही बदक नव्हते ती सकाळ कोणी लिहून ठेवीत नाही. पण गतवर्षी शंभर होती आणि यंदा शून्य, हे समजण्यासाठी ते शून्य वहीत असावे लागते.

फेब्रुवारीअखेर पळस फुलतो आणि गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्या फुलांतला मध पिण्यास झाडांवर झुंबड करतात. म्हणूनच त्यांस पळसमैना असेही नाव आहे. ज्वारीच्या पिकाची नासाडी करणारी म्हणून गोफणीने हाकलली जाणारी पाखरे ती हीच, आणि मध्य आशियातील आपल्या विणीच्या मुलखात टोळांचा फडशा पाडणारीही हीच. जिल्ह्यात ज्वारी मागे पडून कापूस व सोयाबीन वाढले, त्याचा या पाखरांवर काय परिणाम झाला हे पाहावयाचे असेल, तर सायंकाळी त्यांच्या मुक्कामाच्या झाडांपाशी दहा-दहाच्या मापाने थवे मोजीत उभे राहावे लागेल. मार्च सरता सरता बदकांचे थवे उत्तरेची वाट धरू लागतात. भोरड्यांची रवानगी त्यानंतर थोड्याच दिवसांत होते.