जुने सागवानी घर घेताना

नवापूर तालुक्यातील चिंचपाडा परिसर सागाच्या जंगलपट्ट्यातला. येथील जुने सागवानी घर घेताना लाकडाच्या नावावर विसंबू नये. सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही. मात्र बाहेरचा पांढुरका थर ती सहज पोखरते. म्हणून खांबांचे जमिनीलगतचे बूड, भिंतीत शिरलेली तुळयांची टोके आणि गळक्या कौलांखालचे वासे अणकुचीदार टोच्याने तपासावेत. टोचा सहज रुतल्यास किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आल्यास लाकूड आतून कुजले वा पोखरले असण्याची शक्यता असते. ओळंबा लावून खांबांचा कल पाहावा. ताजा रंग मजबुतीचा पुरावा नव्हे. आदिवासींची जमीन बिगरआदिवासीस घ्यायची असल्यास महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार पूर्वपरवानगी आवश्यक असते. तीही आधीच पडताळावी.