झोपेसाठी नैराश्याची गोळी
अब्बांना झोप येईना म्हणून डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम दिली. नैराश्यावर हीच गोळी ७५ मिलिग्रॅम किंवा अधिक देतात. कमी मात्रेत ती मुख्यतः गुंगी आणते. झोप लागू लागली, तसे अब्बा आपल्या मनानेच दोन-दोन गोळ्या घेऊ लागले. एके दिवशी फजरला वुजूसाठी उठले आणि तोल जाऊन मोरीत पडले. तोंडाला कोरड, लघवीला अडथळा आधीपासूनच होता. आम्ही ते वयावर ढकलले, ही आमची चूक. उतारवयात ही गोळी फार जपून घ्यावी लागते. मात्रा स्वतः वाढवू नये, एकदम बंदही करू नये. डॉक्टरांनी ती हळूहळू कमी केली. दुपारची झोप आणि इशानंतरचा चहा सुटला, तशी अब्बांची रात्र आता बरी जाते.